क्लासमध्ये ८१, मग परीक्षेत दोन भाग नापास कसे?

प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यातल्या एका ताई, वय ३३, खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स. ड्युट्या सांभाळून त्यांनी जर्मनचा बी-१ पर्यंतचा, म्हणजे सहापैकी तिसऱ्या पातळीपर्यंतचा, कोर्स पूर्ण केला. क्लासच्या अंतिम परीक्षेत १०० पैकी ८१ मिळाले. दोन महिन्यांनी त्यांनी गोएथे-इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेची बी-१ परीक्षा दिली, जिला आपण सगळे मॅक्सम्युलरची परीक्षा म्हणतो. तिथे वाचन ७३, लेखन ६८, श्रवण ४७, संभाषण ५७. दोन भाग सुटले, दोन अडकले. ताई विचारतात: क्लासने मला फसवलं का? मी एवढी कच्ची आहे का? आता सगळी परीक्षा परत द्यायची का? आणि हे मार्क नेमके धरतात तरी कसे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की बाकीचे तीन आपोआप सुटतात. मी रत्नागिरीत एकवीस वर्षं मोठ्या माणसांना जर्मन शिकवते. माझ्या क्लासची अंतिम लेखी परीक्षा मीच काढते, मीच तपासते, आणि माझ्या हातूनही असे ८१ दिले गेलेले आहेत. ती गोष्ट पुढे सांगते.

आधी तातडीचं. सगळी परीक्षा परत द्यायची नाही. गोएथेच्या बी-१ मध्ये वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात. प्रत्येक भाग १०० मार्कांचा आणि प्रत्येकात ६० ला पास. जो सुटला तो सुटला, त्याचं प्रमाणपत्र तुमच्याकडे राहतं. राहिलेले दोनच भाग परत द्यायचे. ए-१ आणि ए-२ ला मात्र ही सोय नाही, तिथे राहिलात की अख्खी परीक्षा पुन्हा. म्हणून मैत्रिणींचे अनुभव ऐकताना ती कुठल्या पातळीचं सांगते आहे ते आधी विचारा. तुम्ही ज्यांच्यामार्फत जर्मनीला जाणार आहात, त्यांना वेगवेगळ्या तारखांची प्रमाणपत्रं चालतात का हेही फॉर्म भरायच्या आधी विचारून घ्या. कुणाला चालतात, कुणाला चारही भाग एका ठरावीक मुदतीतले हवे असतात. ते परीक्षा घेणाऱ्यांच्या हातात नसतं, प्रमाणपत्र बघणाऱ्याच्या हातात असतं.

आता ते ८१. तुम्ही गुणपत्रिकेतली फोड दिलीत हे फार बरं केलंत. व्याकरण ३० पैकी २७, वाचन २० पैकी १६, लेखन २० पैकी १५, श्रवण १० पैकी ६, तोंडी १० पैकी ८, हजेरी आणि गृहपाठ १० पैकी ९. बेरीज ८१, बरोबर आहे. पण या १०० मध्ये ऐकणं आणि बोलणं मिळून फक्त २० मार्क आहेत. बाहेरच्या परीक्षेत तेच दोन भाग निम्मी परीक्षा आहेत. आणि व्याकरण, जिथे तुम्हाला ३० पैकी २७ मिळाले, त्याचा बाहेर वेगळा पेपरच नाही. ते लेखनात आणि बोलण्यात मुरलेलं तपासतात. हजेरीचे ९ तर तिथे कुणी विचारतही नाही. तुमच्या ८१ मधले ३६ मार्क अशा गोष्टींचे आहेत, ज्या बाहेर स्वतंत्रपणे मोजल्याच जात नाहीत.

ही फसवणूक आहे का? मी तसं म्हणणार नाही, आणि ते समव्यवसायी म्हणून पाठीशी घालण्यासाठी नाही. परीक्षा दोन जातींच्या असतात. एक विचारते, ‘आम्ही शिकवलेलं किती आलं?’ दुसरी विचारते, ‘तुला या भाषेत काय काय करता येतं?’ दुसरीला तुम्ही कुठलं पुस्तक वापरलंत, किती धडे झाले, बाई कोण होत्या, याच्याशी काही देणंघेणं नसतं. आपण सगळे लहानपणी विहिरीत पोहायला शिकलो. विहिरीत पट्टीचा पोहणारा खाडीत ओहोटीला उतरला की दमतो, म्हणून त्याला पोहणं येत नव्हतं असं कुणी म्हणत नाही. क्लासची परीक्षा विहिरीतली होती. चूक झाली ती गुणपत्रिकेवर नुसतं ‘बी-१’ लिहिण्यात. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये जी ए-१ ते सी-२ अशी सहा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात पातळीची व्याख्या माणसाला काय करता येतं यावरून आहे, किती धडे संपले यावरून नाही. गुणपत्रिकेवर ‘बी-१ चा अभ्यासक्रम पूर्ण’ असं लिहिलं असतं, तर तुमची एवढी निराशा झाली नसती.

क्लासवाले ऐकणं-बोलणं २० मार्कांवर का उरकतात, याचं कारण बहुतेक वेळा वेळ हेच असतं. हिशोब करून बघा. वीस विद्यार्थी, जोड्या दहा. बी-१ च्या धर्तीवर एका जोडीचं संभाषण १५ मिनिटांचं, वर मार्क ठरवायला ५ मिनिटं. म्हणजे २०० मिनिटं, सव्वातीन तासांच्या वर, आणि तेही शिक्षक दोन हवेत. एका बाईंच्या क्लासला ते झेपत नाही. व्याकरणाचा पेपर मात्र रात्री जेवण झाल्यावर टीव्हीसमोर बसूनही तपासता येतो. त्यात आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बोर्ड बसलेला आहे: भाषेचा पेपर ८० चा लेखी, २० अंतर्गत, ३५ ला पास. शिकवणारेही त्याच साच्यातून आलेले, शिकणारेही. पस्तिशीचा माणूस क्लासला येतो, पण परीक्षा म्हटलं की त्याच्या मनात बारावीचा हॉल उभा राहतो.

पास-नापासाची रेषा कुठे आखली आहे, याचाही मोठा फरक पडतो. तुमचेच चार आकडे घेऊन वेगवेगळ्या परीक्षांच्या नियमांत घालून बघू. पातळ्या आणि भाषा वेगळ्या आहेत, मी फक्त नियम दाखवते आहे. तुमची सरासरी ६१ च्या आसपास येते. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत चार भाग प्रत्येकी २५ चे, एकूण ५० ला पास, आणि एकेका भागात किमान ५ हवेत. त्या नियमाने तुम्ही आरामात पास. जर्मनच्या ए-२ मध्येही चार भाग २५-२५ चे, पण लेखी तीन भागांत मिळून ७५ पैकी ४५ आणि तोंडीत २५ पैकी १५ पाहिजेतच. तुमचे वाचन, लेखन आणि श्रवण २५-२५ वर आणून मिळून होतात ४७, तोंडी सव्वाचौदा. बेरीज ६१ होऊनही पाऊण मार्काने नापास. जपानीची जेएलपीटी घ्या. तिच्यात बोलणंही नाही, लिहिणंही नाही. तिच्या एन-४ या पातळीला १८० पैकी ९० हवेत, शिवाय भाषाज्ञान आणि वाचनात १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९. तिथे तुमच्या ५७ चा प्रश्नच आला नसता. माणूस तोच, भाषेवरचा हात तोच, आणि निकाल तीन. म्हणून कुणी ‘मी पास झाले’ म्हटलं की मी आधी विचारते, कशात आणि कुठल्या रेषेवर.

आता ‘मी एवढी कच्ची आहे का’ याकडे येऊ. श्रवणाचा ४७ हा आकडा जेवढा भयंकर दिसतो तेवढा नाही. त्या भागात ३० प्रश्न असतात, त्याचे १०० वर मार्क काढतात. ४७ म्हणजे तुमचे १४ बरोबर आले. ६० ला १८ लागतात. तुम्ही चार प्रश्नांनी राहिलात. हे चार प्रश्न कुठे गेले असतील याचा मला अंदाज आहे, आणि तुमच्या क्लासच्या परीक्षेच्या वर्णनातच तो सापडला. तुम्ही लिहिलंय की तिथे ध्वनिमुद्रण तीनदा ऐकवलं आणि ते पुस्तकातल्या धड्याचंच होतं.

बी-१ च्या श्रवणाचे चार तुकडे आहेत. पहिल्यात पाच छोटे मजकूर, प्रश्न १०, दोनदा ऐकवतात. दुसऱ्यात एकच माणूस बोलतो, बहुधा कुठल्या तरी सहलीची किंवा जागेची माहिती देतो, प्रश्न ५, एकदाच. तिसऱ्यात दोघांच्या गप्पा, प्रश्न ७, एकदाच. चौथ्यात चर्चा, प्रश्न ८, दोनदा. म्हणजे ३० पैकी १२ प्रश्न एकदा कानावरून गेले की गेले. ज्याला तीनदा ऐकायची सवय आहे, तो पहिल्या वेळी नीट ऐकतच नाही, ‘पुढच्या वेळी पकडू’ म्हणून सोडतो. हा कच्चेपणा नाही, लागलेली सवय आहे, आणि सवय दोन-तीन महिन्यांत मोडते. दुसरी एक बारीक गोष्ट: परीक्षेच्या हॉलमध्ये आवाज बहुधा स्पीकरवर असतो. मोबाइलला इयरफोन लावून सराव करणाऱ्या मुलींना तिथे सगळं लांबून आल्यासारखं वाटतं. घरी सराव करताना मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, पंखा चालू ठेवा. तिसरं, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. त्यामुळे एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर वेळी कुणी ना कुणी प्रामाणिकपणाने रिकामा सोडून येतं.

संभाषणाच्या ५७ बद्दल तुम्ही लिहिलंय, ‘जोडीदार मुलगा सतत बोलत होता, मला संधीच मिळाली नाही, पण माझं प्रेझेंटेशन चांगलं झालं.’ इथे मार्कांची फोड माहीत असायला हवी. दोघांनी मिळून काही तरी ठरवायचं, त्याला २८. एखाद्या विषयावर पाच स्लाइड्सच्या आधाराने बोलायचं, त्याला ४०. एकमेकांच्या बोलण्यावर प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचं, त्याला १६. उच्चारांना १६. प्रेझेंटेशन सगळे पाठ करून जातात, तुम्हीही केलं असणार, त्यामुळे तिथे चांगले मिळाले असतील. पण २८ आणि १६ मिळून ४४ मार्क समोरच्याशी होणाऱ्या देवाणघेवाणीचे आहेत. ते पाठ करता येत नाहीत. तुमचे बहुतेक तिथे गेले.

जोडीदार जास्त बोलतो म्हणून त्याला जास्त मार्क मिळतात, असं नसतं. ‘थांब, मला वेगळं वाटतं’, ‘शनिवारी मला ड्यूटी आहे, रविवार चालेल का?’, ‘ते तू पुन्हा सांगशील का?’ ही वाक्यं बरोबर वेळी टाकली, तरी परीक्षकाला तुमचं काम दिसतं. आपल्याकडे कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालणं उद्धटपणाचं, बायकांना तर ते लहानपणापासून शिकवलेलं. माझ्या कितीतरी हुशार विद्यार्थिनी त्यापायी गप्प बसतात. मी त्यांना सांगते, मासळीबाजारात बोंबलाचा वाटा घासाघीस करून घेताना तुम्ही किती शांत असता ते आठवा, आणि तेवढंच बोला.

वाचन आणि लेखन तुमचं सुटलंय, म्हणून त्यावर थोडक्यात, बाकीच्यांसाठी. लेखनाला ६० मिनिटं असतात, मजकूर तीन: मित्राला ई-मेल, एखाद्या विषयावर मत, आणि औपचारिक छोटा ई-मेल. पहिले दोन ४०-४० मार्कांचे, तिसरा २० चा. चार गोष्टी बघतात. सांगितलेलं काम झालं का, मजकूर एकमेकाला धरून आहे का, शब्दसंपत्ती, आणि वाक्यरचना. यात पहिल्या गोष्टीला शून्य मिळालं की त्या मजकुराचे सगळे मार्क शून्य होतात. माझ्या एका विद्यार्थ्याने पाठ केलेलं पत्र सुंदर अक्षरात उतरवलं होतं. व्याकरण बिनचूक, पण विषय भलताच. पत्राला शून्य. त्याला आजही वाटतं की परीक्षकाने खडूसपणा केला.

दुसरी हमखास चूक म्हणजे ‘तू’ आणि ‘तुम्ही’. जर्मनमध्येही ‘डू’ आणि ‘झी’ असा आपल्यासारखाच भेद आहे. इंग्रजीतून जर्मन शिकलेला माणूस इथे घसरतो, मराठीतून विचार करणारा घसरायला नको. आपण आजीला ‘तू’ म्हणतो आणि तलाठ्याला ‘अहो’, तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तीच गत वाक्याच्या शेवटी येणाऱ्या क्रियापदाची. ‘वाइल इश क्रांक बिन’, शब्दाला शब्द लावला तर ‘कारण मी आजारी आहे’. क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं. पण शिकवतात इंग्रजीच्या आधाराने, आणि मग मुलं गोंधळतात. झेड या अक्षराचा उच्चार म्हणजे आपल्या ‘चांगला’मधला च. एवढं सांगितलं की रत्नागिरीतली आजीबाईसुद्धा ‘चेन’ म्हणजे दहा, हे पहिल्याच दिवशी बरोबर म्हणते. असो, विषय परीक्षेचा आहे.

आता माझी गोष्ट. सुरुवातीच्या एका बॅचला सात जण होते. तोंडी परीक्षा मी एकटीने घेतली आणि २० पैकी १८ च्या खाली कुणाला दिले नाहीत. मी काही खोटं केलं नव्हतं, मला खरंच ते छान बोलतात असं वाटलं होतं. बाहेरच्या परीक्षेत त्यातले तिघं तोंडीत पडले. मला आधी परीक्षकांचा राग आला. मग वर्गातलं एक रेकॉर्डिंग ओळखीच्या दुसऱ्या बाईंना ऐकवलं, तर त्या म्हणाल्या, ‘अगं, मला निम्मं कळतच नाहीये.’ तेव्हा ध्यानात आलं. दहा महिने रोज ऐकून माझ्या कानाला त्यांच्या जर्मनची सवय झाली होती. ते अर्धं वाक्य बोलायचे आणि उरलेलं मी मनातल्या मनात पुरं करायचे. आईला जशी बोबड्या पोराची भाषा कळते, तसं.

तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा मी घेत नाही. सावंतवाडीच्या एक शिक्षिका व्हिडिओ कॉलवर घेतात, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची मी घेते. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात, मैत्रिणी-मैत्रिणी एकत्र बसत नाहीत. संभाषण मोबाइलवर रेकॉर्ड होतं, मार्क पटले नाहीत तर दोघी मिळून परत ऐकतो. लेखनाच्या उत्तरपत्रिकांवर नाव नसतं, नंबर असतो. मी आधी सगळ्यांचा पहिला मजकूर तपासते, मग गठ्ठा उलटसुलट करून सगळ्यांचा दुसरा. एकाचा पूर्ण पेपर सलग तपासला की पहिल्या उत्तराचं चांगलं-वाईट मत दुसऱ्यालाही चिकटतं. ५० ते ६५ मध्ये येणारे पेपर दुसऱ्या नजरेखालून जातात, कारण रेषेच्या आसपासच माझा हात हलतो. अक्षराला मार्क नाहीत. हे लिहायला सोपं आहे, पाळायला फार अवघड. मोत्यासारखं अक्षर दिसलं की मन विरघळतंच.

श्रवणाचे प्रश्न मी आधी एका चाळणीतून काढते. ध्वनिमुद्रण न ऐकवता नुसते प्रश्न आणि तीन पर्याय घरातल्या जर्मन येणाऱ्या कुणाला तरी सोडवायला देते. न ऐकताच उत्तर सापडलं, तर तो प्रश्न बाद. असे बाद होणारे दर वेळी निघतात. श्रवण पहिल्या संध्याकाळी सगळ्यांत आधी, कान ताजे असताना. पावसाळ्यात मात्र आमचं सगळं वेळापत्रक पावसाच्या हातात. वर्गावर पत्रे आहेत. जुलैत एकदा दुसऱ्या तुकड्याच्या मधोमध सर आली आणि त्या आवाजात कुणाला एक अक्षर ऐकू आलं नाही, वर लाईट गेली. तो भाग रद्द करून आठवड्याने दुसऱ्या ध्वनिमुद्रणावर परत घेतला. काहींनी कुरकुर केली की आमचं पहिलं चांगलं झालं होतं. त्यांचंही चुकत नव्हतं, पण एकाला ऐकू आलं आणि एकाला नाही, असे मार्क मी धरू शकत नाही.

आणि माझ्या गुणपत्रिकेवर बेरीज नसते. चार आकडे असतात, चार भागांचे. व्याकरणाची चाचणी दोन आठवडे आधी होते, तिचे मार्क फक्त विद्यार्थ्याला कळतात. हजेरीला मार्क नाहीत. यावरून माझी दर वर्षी भांडणं होतात. ‘मॅडम, टक्के किती?’ असा एका विद्यार्थिनीच्या यजमानांचा फोन आला होता. टक्के नाहीत म्हटल्यावर त्यांना वाटलं की मी काही तरी लपवते आहे.

मोठ्या माणसांच्या वर्गात आणखी एक पेच असतो, तो शाळेत नसतो. एकाच बाकावर जर्मनीत नर्स व्हायला निघालेली मुलगी असते, तारकर्लीला परदेशी पाहुण्यांसाठी होमस्टे चालवणारा असतो, आणि नातू तिकडे आहे म्हणून शिकायला आलेले निवृत्त बँक कर्मचारी असतात. त्या काकांना बी-१ च्या रेषेशी काय करायचंय? दोन वर्षांत ते शून्यावरून सुनेच्या आईशी फोनवर बोलण्यापर्यंत आले. त्यांना ‘५४, अनुत्तीर्ण’ असा कागद देणं मला बरं वाटत नाही. म्हणून मी दोन कागद देते. एकावर सुरुवातीपासून काय काय यायला लागलं ते लिहिलेलं असतं, तो सगळ्यांना. दुसऱ्यावर चार आकडे, तो मागेल त्याला. ज्याला व्हिसा किंवा नोकरी हवी आहे, त्याला मात्र मी मेहनतीचे मार्क देत नाही, कितीही डोळे भरून आले तरी. ती सवलत त्याला पुढे फॉर्मच्या फीच्या रूपात परत फेडावी लागते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हेही सांगते. तुमचा क्लास किती तासांचा होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. बी-१ पर्यंत यायला ४५ मिनिटांचे साधारण ३५० ते ६५० तास लागतात, असं गोएथे-इन्स्टिट्यूट सांगते. हल्ली ‘तीन महिन्यांत बी-१’ अशा जाहिराती आपल्याकडेही लागतात. रोज तीन तास, आठवड्याचे सहा दिवस, तेरा आठवडे, एकही सुट्टी नाही असं धरलं, तर २३४ घड्याळी तास होतात, म्हणजे ४५ मिनिटांचे ३१२. वरच्या आकड्याच्या खालच्या टोकालाही ते पोचत नाही. आणि आपल्याकडे गणपती आहेत, शिमगा आहे, एप्रिल-मेमध्ये अर्धा वर्ग आंब्याच्या पेट्या भरत असतो. तुमचा कोर्स असा धावता झाला असेल, तर परीक्षेची घाई न करता आधी चार-सहा महिने ऐकण्यावर घालवा. नीट दीड-दोन वर्षांचा असेल, तर तीन महिने पुरतील.

श्रवण आणि संभाषण एकदमच द्यायचे की एकेक? प्रत्येक भागाची फी वेगळी, आणि गुहागरहून पुण्या-मुंबईला जायचं म्हणजे दोन दिवस आणि दोन रजा. खर्चाच्या दृष्टीने एकदम बरं. पण घरच्या सराव परीक्षेत श्रवण सलग तीनदा २० प्रश्नांच्या वर गेल्याशिवाय फॉर्म भरू नका. १८ वर काठावर जाऊ नये, हॉलमध्ये दोन-तीन प्रश्न घसरतातच. सराव परीक्षाही नवीनच हवी. एकदा सोडवलेली पुन्हा सोडवली की मार्क वाढतात, पण ते आठवणीचे असतात.

तीन महिन्यांचं सांगायचं तर मी असं करेन. रोज वीस मिनिटं नवीन मजकूर, एकदाच ऐकायचा, लगेच मराठीत दोन ओळींत काय कळलं ते लिहायचं. मराठीतच, कारण इथे ऐकणं तपासायचं आहे, जर्मन लिहिणं नाही. मग मजकूर वाचून बघायचा. नाईट ड्यूटीच्या दुसऱ्या दिवशी हे करू नका, उगाच आत्मविश्वास जातो. आठवड्यातून तीनदा संभाषण, आणि दर वेळी जोडीदार वेगळा. तुमच्या क्लासमधल्या आणखी दोघी-तिघी अडकल्या असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर गट करा. एकीने मुद्दाम सारखं बोलत राहायचं आणि दुसरीने तिला अडवायचं. सगळं रेकॉर्ड करा आणि जर्मन येणाऱ्या, पण तुमची ओळख नसलेल्या कुणाला तरी ऐकवा. का, ते माझ्या गोष्टीत आलंच आहे.

नर्स म्हणून तिकडे पूर्ण मान्यता मिळवायला पुढे बहुतेक ठिकाणी बी-२ लागतं. तीही आता अशाच चार स्वतंत्र भागांत असते, प्रत्येकात ६० ला पास. त्यामुळे बी-२ च्या क्लासला नाव घालण्याआधी तिथल्या बाईंना एवढं विचाराच: अंतिम परीक्षेत श्रवण आणि संभाषणाला किती मार्क आहेत, ध्वनिमुद्रण किती वेळा ऐकवता, आणि तोंडी परीक्षा कोण घेतं. उत्तर ऐकून तुमचं तुम्हालाच कळेल.

राहता राहिला प्रवास. तारीख पावसाळ्यातली मिळाली तर आदल्या दिवशी दुपारपर्यंतच पोचा. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर हळू धावते, आणि चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडमार्गे पुण्याला जायचं म्हटलं तर दरड कधी येईल ते सांगता येत नाही. ओळखपत्र मूळ न्या, झेरॉक्स चालत नाही. आणि वाचायचा चष्मा लागत असेल तर तो पर्समध्ये आत्ताच टाकून ठेवा. माझ्या दोन विद्यार्थिनी तो घरी विसरून गेल्या होत्या.